नटासाठी उघडलेले दार

लेखनाचा आणि कलेचा व्यवसाय हा मूलतः एकांताचा असल्यामुळे, दिवसभर कोऱ्या कागदाशी किंवा रित्या फलकाशी झुंजलेल्या माणसाला सायंकाळी आपल्यासारख्याच माणसांच्या सहवासात जाऊन बसावेसे वाटावे, हे अगदी स्वाभाविक आहे. आणि त्या सहवासासाठी अशा माणसांनी वर्गणी काढून एखादी वास्तू घ्यावी, तिची नियमावली स्वतः करावी, सभासद स्वतः निवडावेत आणि तेथे झालेले बोलणे चव्हाट्यावर जाऊ नये असा दंडक घालून घ्यावा, यातही आक्षेप घेण्यासारखे मला काही दिसत नाही. लंडनमधील गॅरिक क्लब ही संस्था अशाच इच्छेतून 1831 मध्ये जन्मास आली, आणि तिच्या सभासदांनी 7 मे 2024 रोजी, म्हणजे स्थापनेनंतर 193 वर्षांनी, स्त्रियांना सभासद करून घेण्यास बहुमताने संमती दिली. या निर्णयाची वार्ता आपल्याकडील वृत्तपत्रांतही आली, परंतु ती परदेशातील एक मौजेची बातमी म्हणून आली व गेली. माझ्या मते तिच्यात एक असा प्रश्न दडलेला आहे की, ज्या ज्या भाषेत साहित्यसंस्था, कलामंडळे आणि नाट्यपरिषदा आहेत त्या प्रत्येक भाषेने तो स्वतःस विचारला पाहिजे. कलावंतांच्या मंडळाला आपल्या दाराशी पहारा ठेवण्याचा अधिकार निःसंशय आहे. पण त्या पहाऱ्यावर आलेल्यास विचारावयाचा प्रश्न एकच असू शकतो, आणि तो म्हणजे ‘तुम्ही काम कोणते केले आहे?’ हा होय. त्याऐवजी ‘तुम्ही जन्मास कोण म्हणून आलात?’ हा प्रश्न ज्या दिवशी विचारला जाऊ लागतो, त्या दिवसापासून ते मंडळ कलावंतांचे राहत नाही.

गॅरिकची सनदच मुळी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नटांना सुशिक्षित आणि सुसंस्कृत गृहस्थांबरोबर समान पातळीवर भेटता-बसता यावे, हा तिच्या संस्थापकांनी जाहीर केलेला हेतू होता. आज हे वाक्य साधे वाटते. 1831 मध्ये ते साधे नव्हते. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत 1572 मध्ये झालेल्या कायद्यान्वये, ज्या नटांच्या पाठीशी कोणा उमरावाचा आश्रय नसे त्यांची गणना उनाड भटक्यांत होत असे, आणि हा कलंक पुढील पिढ्यांच्या कायद्यांतूनही दीर्घकाळ टिकून राहिला. नाटकगृहात ज्याच्या वाणीने सहस्रावधी माणसे रडत आणि हसत, त्या माणसाला प्रतिष्ठितांच्या घरी मात्र मागच्या दाराने यावे लागे. इंग्लंडच्या राजसत्तेने रंगभूमीवरील एखाद्या नटाला सरदारकीचा किताब प्रथम दिला तो हेन्री अर्व्हिंग यास, आणि तोही 1895 मध्ये. गॅरिकच्या संस्थापकांनी त्याआधी चौसष्ट वर्षे आपल्या मेजाभोवती नटाची खुर्ची मांडली, ही गोष्ट त्यांच्या नावावर कायमची जमा आहे, आणि पुढे त्यांच्या वारसांकडून जे घडले त्यामुळे ती रद्दबातल होत नाही.

ज्या डेव्हिड गॅरिकचे नाव या संस्थेने धारण केले, त्याचे चरित्रही या प्रश्नाशी निगडित आहे. हा 1717 मध्ये जन्मलेला नट लिचफील्ड या गावी वाढला. सॅम्युएल जॉन्सन हा काही काळ त्याचा शिक्षक होता. आणि 1737 मध्ये हे दोघेही, एक विद्वत्तेच्या आणि दुसरा नशिबाच्या भरवशावर, बरोबरच लंडनला आले. पुढे 1741 मध्ये तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत गॅरिकने लंडनला वेड लावले आणि 1747 पासून 1776 पर्यंत ड्रुरी लेन नाट्यगृहाचा कारभार पाहून इंग्रजी अभिनयाची रीतच पालटून टाकली. इतके असूनही, जॉन्सन आणि चित्रकार रेनल्ड्झ यांनी 1764 मध्ये सोहो भागातील एका खानावळीत जे साहित्यमंडळ स्थापन केले, त्यात गॅरिकला प्रवेश मिळण्यास 1773 साल उजाडावे लागले, कारण हा नट आपण होऊन मंडळात येण्याची भाषा करतो हे त्याच्या जुन्या गुरूला रुचले नव्हते. ज्याच्या मृत्यूनंतर, 1779 मध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन व्हावे आणि पुढे काही वर्षांनी त्याच गुरूची कबर त्याच्या निकट खणली जावी, अशा योग्यतेच्या कलावंतास हयातीत एका मेजाशी बसण्यासाठी नऊ वर्षे थांबावे लागले. त्याच्या नावाने क्लब काढणाऱ्यांस हा इतिहास ठाऊक असणारच. म्हणून दार उघडण्याचा विचार त्यांच्या मनात प्रथम आला असे मी समजतो.

मराठी वाचकाला ही कैफियत परकी वाटण्याचे कारण नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीस नाटकाचा आरंभ केला त्याला राजाश्रय होता; पण नाटकमंडळीत जाणे म्हणजे कुळाला बट्टा लावणे, ही समजूत पुढे कित्येक दशके आपल्या समाजात ठाण मांडून होती. किर्लोस्कर, देवल, बालगंधर्व, केशवराव भोसले यांच्या पिढ्यांनी आपल्या गुणांच्या बळावर तो बट्टा पुसून काढला. ज्या समाजाने नटाला एके काळी पंक्तीबाहेर बसविले आणि मग त्याच्याच नावाने मंदिरे उभारली, त्या समाजाला गॅरिकच्या संस्थापकांचे मोल सहज कळावे.

या क्लबाने जवळजवळ दोनशे वर्षांत कमावलेली पुंजी खरोखर मोठी आहे. आरंभी किंग स्ट्रीटवरील एका घरात भरणारे हे मंडळ 1864 मध्ये कॉव्हेंट गार्डनच्या परिसरात स्वतःसाठी बांधलेल्या वास्तूत आले, आणि त्या रस्त्याला पुढे गॅरिकचेच नाव मिळाले. चार्ल्स मॅथ्यूज या विनोदी नटाने आयुष्यभर जमविलेला रंगभूमीविषयक चित्रांचा संग्रह क्लबाच्या हाती आला, त्यात भर पडत गेली, आणि आज चित्रे, रेखाटने व शिल्पे मिळून हजाराहून अधिक कलाकृती तेथील भिंतींवर व जिन्यांवर आहेत. ब्रिटिश रंगभूमीचा इतका सलग चित्रमय दफ्तरखाना दुसरीकडे क्वचितच आढळेल. डिकन्स, थॅकरे, ट्रॉलप हे कादंबरीकार, मिले आणि रोझेटी हे चित्रकार, एल्गारसारखा संगीतकार, अर्व्हिंगसारखा नट हे सारे येथील सभासद. भोजनगृहातील लांब मेजाशी एकट्याने आलेल्या सभासदाने रिकाम्या खुर्चीवर बसावे आणि शेजारी जो असेल त्याच्याशी बोलावे, हा येथील शिरस्ता मला सर्वांत मोलाचा वाटतो. टपाल खात्यात नोकरी करून कादंबऱ्या लिहिणारा आणि बालपणी शाळेत उपेक्षेने होरपळलेला ट्रॉलप आपल्या आत्मचरित्रात असे नमूद करतो की, आपण माणसांना आवडतो असा अनुभव त्याला प्रथम या क्लबात आला. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या यशस्वी लेखकाला हा अनुभव प्रथम यावा, यावरून लेखकाला अशा जागेची गरज किती खोल असते याची कल्पना यावी.

आणखी एक गोष्ट फारच थोड्या वाचकांस माहीत असेल. ‘विनी द पू’ या 1926 साली प्रसिद्ध झालेल्या बालकथेचा कर्ता ए. ए. मिल्न याने त्या पुस्तकांच्या उत्पन्नाचे वाटे करताना आपल्या कुटुंबाबरोबर एक वाटा आपल्या शाळेस, एक हलाखीतील लेखकांना साहाय्य करणाऱ्या निधीस आणि एक गॅरिक क्लबास दिला. त्या अस्वलाच्या कथांचे हक्क पुढे डिस्ने कंपनीने विकत घेतले, तेव्हा क्लबाच्या तिजोरीत प्रचंड रक्कम आली, आणि तिच्यातून नाट्य, साहित्य, संगीत व नृत्य यांना साहाय्य करणारा एक धर्मादाय न्यास उभा राहिला. एका लेखकाने आपल्या मेजसोबत्यांविषयी बाळगलेली कृतज्ञता मृत्यूनंतर चार दशकांहून अधिक काळाने परक्या, अनोळखी कलावंतांच्या उपयोगी पडावी, हे मला या संस्थेच्या साऱ्या इतिहासातील सर्वांत उज्ज्वल पान वाटते.

क्लबाच्या गोपनीयतेवर मात्र हल्ली सरसकट टीका होते, आणि त्या टीकेत मला सामील होता येत नाही. 1858 मध्ये एडमंड येट्स या तरुण पत्रकाराने एका साप्ताहिकात थॅकरेच्या स्वभावाविषयी व बोलण्याचालण्याविषयी बोचरा मजकूर लिहिला. थॅकरेचे म्हणणे असे की, या गृहस्थाची व माझी गाठ क्लबाखेरीज अन्यत्र कोठेही पडलेली नाही, तेव्हा हा मजकूर क्लबातील सहवासाचा गैरफायदा घेऊन लिहिलेला आहे. आणि त्याने तक्रार थेट व्यवस्थापक समितीकडे नेली. येट्सने माफी मागावी अथवा क्लब सोडावा असा निर्णय झाला, त्याने दोन्ही नाकारले, आणि अखेर त्याचे नाव सभासदांच्या यादीतून कमी करण्यात आले. डिकन्सने येट्सची बाजू घेतली, समितीचा राजीनामा दिला, आणि त्या काळचे इंग्लंडातील दोन श्रेष्ठ कादंबरीकार पुढे कित्येक वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. 1863 च्या डिसेंबरात थॅकरे वारला, त्याच्या थोडेच दिवस आधी एका दुसऱ्या क्लबाच्या जिन्यावर त्यांनी हातात हात दिला. या प्रकरणात थॅकरेने एका नवख्याविरुद्ध आपले सारे वजन खर्ची घातले, हे खरे. पण तत्त्व त्याच्याच बाजूस होते. ज्या ठिकाणी माणूस आपला अपुरा विचार, अपयशाची भीती, दुसऱ्याच्या कलाकृतीविषयीचे कच्चे मत मोकळेपणाने बोलून दाखवू शकतो, ते ठिकाण टिकावयाचे असेल तर तेथील बोलणे उद्याच्या अंकात छापून येणार नाही ही शाश्वती त्याला हवी. आजच्या काळात, जेव्हा प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे, तेव्हा या शाश्वतीची किंमत घटलेली नसून वाढलेलीच आहे.

मग दोष कोठे आहे? तो भिंतींवरील चित्रांकडे पाहिले की ध्यानात येतो. गॅरिकच्या संग्रहात सॅरा सिडन्स आहे, पेग वॉफिंग्टन आहे. इंग्रजी रंगभूमीवर 1660 नंतर ज्या स्त्रिया आल्या आणि ज्यांच्यावाचून त्या रंगभूमीचा इतिहास अर्धाच राहिला असता, त्यांतील कित्येकींच्या प्रतिमा तेथे मानाने मांडलेल्या आहेत. परंतु त्यांच्या कलेची वारस असलेली जिवंत अभिनेत्री त्या दालनात येऊ शके ती केवळ कोणा पुरुष सभासदाची पाहुणी म्हणून. नटाला माणसात घेण्यासाठी काढलेल्या संस्थेने नटीला मात्र चित्रातच ठेवले. हा विरोधाभास एकोणिसाव्या शतकात खपून गेला, कारण तेव्हा स्त्रीला मतदानाचा हक्कही नव्हता. पण विसावे शतक संपून गेले तरी तो तसाच राहिला, याचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने करता येत नाही. अभिनेते ह्यू बॉनव्हिल यांनी 2011 मध्ये अभिनेत्री जोॲना लम्ली यांचे नाव उमेदवारांच्या वहीत दाखल केले, तेव्हा त्या पानावर काही सभासदांनी अपशब्द लिहिल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. 2015 मध्ये झालेल्या मतदानात निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे शेकडा साडेपन्नास सभासदांनी स्त्रियांच्या बाजूने कौल दिला. परंतु नियमावलीत फेरफार करण्यास दोन-तृतीयांश मतांची अट असल्यामुळे ठराव फेटाळला गेला. ज्या संस्थेतील बहुसंख्य सभासदांना अन्याय अन्याय म्हणून दिसू लागला आहे, तिला तो आणखी नऊ वर्षे चालू ठेवावा लागला, ही माझ्या मते त्या नियमावलीची नामुष्की होय.

2024 च्या मार्चमध्ये ‘गार्डियन’ या दैनिकाने क्लबातील काही सभासदांची नावे प्रसिद्ध केली, आणि तेव्हा दुसरी गोष्ट उघडकीस आली. त्या यादीत नट, लेखक, संगीतकार होतेच. परंतु स्वतः राजे चार्ल्स, मंत्री, उच्च न्यायालयीन अधिकारी, राज्यकारभाराच्या सनदी सेवेचा प्रमुख आणि परराष्ट्रविषयक गुप्तवार्ता खात्याचा प्रमुख असेही लोक होते. शेवटल्या दोघांना काही दिवसांतच क्लब सोडणे भाग पडले, आणि काही न्यायाधीशांनीही तेच केले. मला या प्रकरणातील मर्म येथे दिसते. नाटककार, चित्रकार आणि नट यांनी आपसांत मेजवानी केली तर राज्याचे काही बिघडत नाही. पण न्यायाधीश, वकील आणि मंत्री जेव्हा त्याच मेजाशी नित्य बसतात, तेव्हा तेथे केवळ नाटकाविषयी बोलणे होते अशी ग्वाही कोणी द्यावी? बढत्या, नेमणुका, शिफारशी यांची बीजे अशाच सहवासात पडतात, आणि जिला त्या दाराच्या आत जाण्याची मुभाच नाही त्या स्त्री-वकिलाचे नुकसान कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही. कलावंतांना समान पातळी मिळावी म्हणून सुसंस्कृत गृहस्थांना आत बोलावले होते. कालांतराने गृहस्थच यजमान झाले. स्त्रियांना बाहेर ठेवण्याइतकाच हा दुसरा फेरफारही मूळ सनदेशी विसंगत होता, आणि त्याच्याकडे मात्र टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिले नाही असे मला वाटते.

अखेरचा निर्णय ज्या मार्गाने झाला तो कायदेपंडितांचा होता: अस्तित्वात असलेल्या नियमांत स्त्रियांना मज्जाव करणारे कलमच नाही, असा अभिप्राय मिळाला, आणि तो मान्य आहे काय एवढेच सभासदांना विचारण्यात आले. त्यामुळे साधे बहुमत पुरेसे ठरले. 562 सभासद अनुकूल पडले, 375 प्रतिकूल. स्टीफन फ्राय आणि संगीतकार स्टिंग यांच्यासारख्या काही कलावंतांनी, निर्णय विपरीत झाल्यास आपण क्लब सोडू, असे आधीच कळविले होते. वकिलांच्या संस्थेत कलावंतांनीच हा आग्रह धरावा, हे योग्यच झाले. जुलैमध्ये पहिल्या दोन स्त्री-सभासद निवडल्या गेल्या त्या ज्यूडी डेंच आणि शॉन फिलिप्स, दोघीही नव्वदीच्या आसपासच्या, दोघीही इंग्रजी रंगभूमीच्या अग्रभागी सहा दशके उभ्या राहिलेल्या. त्यांचा सन्मान झाला यात आनंद आहे. पण त्यांच्या तिशीत, चाळिशीत, जेव्हा सहकाऱ्यांच्या संगतीची, सल्ल्याची आणि ओळखीपाळखीची त्यांना खरी गरज होती, तेव्हा हे दार बंद होते, आणि तो काळ कोणताही ठराव परत आणू शकत नाही.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी हलका मानत नाही. माणसांना आपली संगत निवडण्याचे स्वातंत्र्य असावे. शासनाने घराच्या आत डोकावू नये. केवळ पुरुषांची किंवा केवळ स्त्रियांची मंडळे असण्यात वाईट ते काय? इंग्लंडच्या 2010 च्या समता-कायद्यानेही अशा मंडळांना मुभा ठेवली आहे. लंडनमध्ये 1904 साली कॉन्स्टन्स स्मेडली यांनी लेखिका व स्त्री-कलावंतांसाठी लायसियम क्लब काढला, तो स्त्रियांपुरताच होता, आणि त्याला कोणी अन्याय म्हणणार नाही. परंतु या दोहोंत एक भेद आहे. ज्यांना इतरत्र दार बंद होते त्यांनी आपल्यापुरता निवारा बांधला, आणि ज्यांना सारी दारे उघडी होती त्यांनी आपले दार इतरांना बंद केले, या दोन कृत्यांना एकच माप लावणे म्हणजे न्यायाची थट्टा होय. अमेरिकेत हा प्रश्न कायद्याने सोडविला गेला. न्यूयॉर्कची सेंच्युरी असोसिएशन ही ब्रायंट या कवीने आणि ड्यूरँड या चित्रकाराने मित्रांसह 1847 मध्ये, लेखक-कलावंत-रसिक मिळून शंभर सभासदांच्या कल्पनेने काढलेली संस्था. व्यावसायिक हितसंबंध जेथे जुळतात अशा मोठ्या क्लबांना भेदभाव करता येणार नाही, हा न्यूयॉर्क शहराचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये उचलून धरल्यावर तिलाही स्त्रियांना प्रवेश द्यावा लागला. शासनाच्या हुकमाने उघडलेल्या दारापेक्षा सभासदांच्या सद्सद्विवेकाने उघडलेले दार मला अधिक पसंत आहे. गॅरिकने ते स्वतःच्या मताने उघडले, उशिरा का होईना, ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदविली पाहिजे.

दुसरा मार्ग नव्हता असे मात्र नाही. त्याच लंडनमध्ये 5 ऑक्टोबर 1921 रोजी कॅथरिन एमी डॉसन स्कॉट या लेखिकेने सोहोतील एका उपाहारगृहात लेखकांना भोजनास बोलावले, आणि त्या पंक्तीतून ‘पेन’ ही संस्था जन्मास आली. जॉन गॉल्सवर्दी तिचा पहिला अध्यक्ष झाला. येथे लेखकाने लेखक असावे एवढीच अट होती. स्त्री-पुरुष, देश-परदेश हा भेद प्रथमपासून नव्हता. एका भोजनमंडळाचे रूपांतर पाहतापाहता जगभरच्या लेखकांच्या संघटनेत झाले, आणि तुरुंगात पडलेल्या लेखकांसाठी आवाज उठविणे हे तिचे मुख्य कार्य बनले. तिची भारतीय शाखा 1933 मध्ये मुंबईत निघाली ती सोफिया वाडिया यांच्या खटपटीने; रवींद्रनाथ ठाकूर तिचे पहिले अध्यक्ष, त्यांच्यामागून सरोजिनी नायडू; न्यू मरीन लाइन्सवरील थिऑसॉफी हॉलमध्ये तिचे कार्यालय असे, आणि पुढे निस्सीम इझिकेल यांनी तेथे दीर्घकाळ काम पाहिले. या शाखेने 1945 मध्ये जयपूरला भरविलेल्या लेखक-परिषदेस ई. एम. फॉर्स्टर इंग्लंडहून आला होता. एकाच शहरात, एकाच इच्छेतून निघालेल्या या दोन संस्थांपैकी वास्तू, चित्रसंग्रह आणि तिजोरी एकीकडे राहिली. पण लेखकांच्या जगाला अधिक उपयोगी पडली ती दुसरी, जिच्याजवळ स्वतःचे मोठेसे घरही नव्हते.

लंडनकडे बोट दाखवून आपणांस मोकळे होता येणार नाही, हे मी मुद्दाम लिहितो. न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी 1878 मध्ये पुण्यास ग्रंथकारांची सभा भरविली, तीतून आजचे साहित्य संमेलन वाढले. 1885 मध्ये दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांस गेले तेव्हा त्यांनी ते पत्राने नाकारले, आणि कारण स्वच्छ सांगितले: जे लोक सर्व माणसांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभा व पुस्तके यांचा मेळ बसणार नाही. गॅरिकला 2024 मध्ये जे उत्तर द्यावे लागले, त्याचा प्रश्न आपल्याकडे एका मराठी ग्रंथकाराने एकशेएकोणचाळीस वर्षे आधी विचारून ठेवला होता. स्त्रियांचे म्हणावे तर संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री आली ती 1961 मध्ये, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि 2025 मध्ये दिल्लीच्या 98 व्या संमेलनात तारा भवाळकर. एकूण सहा. याला कोणतीही नियमावली आड आली नव्हती. आड आली ती वहिवाट, आणि लेखी मज्जावापेक्षा वहिवाटीचा मज्जाव मोडणे अधिक कठीण असते.

हिराबाई पेडणेकरांचे स्मरण मला येथे अटळ वाटते. मराठीतील पहिली स्त्री-नाटककार म्हणून ती ओळखली जाते. 1904 चे ‘जयद्रथ विडंबन’ तिचे, आणि ‘संगीत दामिनी’ हे तिचे नाटक ललितकलादर्श मंडळीने 1912 मध्ये रंगभूमीवर आणले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारख्या मोठ्या साहित्यिकांशी तिचा परिचय होता, आणि गिरगावातील तिच्या घरी लेखकांची, गायकांची बैठक जमे. म्हणजे त्या पिढीतील साहित्यिकांचा एक क्लब, नाव नसलेला, एका कलावंतीण घराण्यातील बाईच्या घरी भरत होता. परंतु त्या साहित्यिकांच्या प्रतिष्ठित वर्तुळात, उजेडी, समान पातळीवर, तिला कोणी खुर्ची दिली नाही. पुढे ती मुंबई सोडून कोकणात पालशेतला जाऊन राहिली, आणि तिचे लेखन थांबले. बाईने सारे लिहून झाल्यावर नव्हे, तर ऐन लिहिण्याच्या वयात लेखणी खाली ठेवली, हे नुकसान मराठी रंगभूमीचे झाले.

आता आपल्याकडे काय करता येईल, याविषयी माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. आपल्याकडे साहित्यसंस्था पुष्कळ आहेत. महाराष्ट्र साहित्य परिषद 1906 ची, मुंबई मराठी साहित्य संघ 1935 चा. त्यांच्या सभागृहांत व्याख्याने होतात, परिसंवाद होतात, पारितोषिके दिली जातात. नसते ती केवळ बसण्याची जागा: जेथे व्यासपीठ नाही, हार-तुरे नाहीत, आणि एकट्याने आलेल्या नवख्या लेखिकेने किंवा एखाद्या तालुक्याच्या गावाहून आलेल्या चित्रकाराने रिकाम्या खुर्चीवर बसून शेजारच्या बुजुर्गाशी बोलावे. रविकिरण मंडळासारखी मंडळे पूर्वी अशीच घरी-दारी जमत, आणि त्यातही आठ जणांत एखादीच स्त्री असे. गॅरिकचे लांब मेज आपण घ्यावे, तिचा पहारा घेऊ नये. सभासद करून घेताना काम पाहावे. वर्गणी उमेदीच्या कलावंतास परवडेल इतकी ठेवावी. व्यवस्थापक समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात. तेथले बोलणे बाहेर जाऊ नये हा नियम कडक पाळावा. आणि मंत्री, उद्योगपती व वरिष्ठ अधिकारी यांना पाहुणे म्हणून आदराने बोलवावे, सभासद म्हणून नव्हे. साहित्य परिषदेने आणि साहित्य संघाने आपल्या वास्तूतील एक दालन रोज सायंकाळी यासाठी राखून ठेवावे, आणि येत्या वार्षिक सभेत तसा ठराव मांडावा, अशी या दोन्ही संस्थांच्या कार्यकारिणींस माझी विनंती आहे.